आयर्लंड बसने फिरायचं असेल तर आधी परतीची बस बघा

डब्लिनला राहणाऱ्या एका ताईंनी विचारलंय, प्रश्न थोडक्यात असा आहे: त्यांचे आई-बाबा, वय ६४ आणि ६८, जूनमध्ये दोन आठवडे डब्लिनला येतायत, ताईंकडे इथलं लायसन्स नाही, सुट्टी मोजकीच, तर गॉलवे, क्लिफ्स ऑफ मोहर (समुद्राकाठचे उंच कडे), किलार्नी, डिंगल आणि जमलं तर डोनेगॉल-बेलफास्ट एवढं सगळं बसने होईल का, आणि मधले काही दिवस ते दोघंच फिरले तर चालेल का.

होईल, पण एवढं सगळं नाही. मी इथे कोच चालवतो, आधी डब्लिन शहरात सिटी बसवर होतो आता लांब पल्ल्याच्या रूटवर आहे, त्यामुळे टुरिस्ट लोक कुठे अडकतात ते रोज समोरच्या काचेतून दिसतं. बहुतेक जण नकाशा बघून प्लॅन करतात. देश छोटा आहे, डब्लिनहून गॉलवे अडीच तासात येतं, मग वाटतं की किनाऱ्या-किनाऱ्याने गोल फेरी मारून येऊ. तिथेच गाडी अडकते. आयर्लंडच्या बसेस डब्लिनमधून बाहेर जाणाऱ्या मोठ्या रस्त्यांवर भरपूर आहेत, आणि पश्चिमेच्या किनाऱ्याला, म्हणजे जिथे तुम्हाला जायचंय नेमकं तिथे, दिवसातून मोजक्याच. गोल फेरी कारवाल्यांसाठी. बसवाल्याने एका गावात मुक्काम टाकायचा, तिथून सकाळी जायचं संध्याकाळी यायचं, दोन-तीन दिवसांनी गाव बदलायचं. आणि कुठलाही दिवस ठरवताना जाणारी बस नंतर बघा, परतीची शेवटची बस आधी बघा. ती चारला सुटत असेल तर तुमचा दिवस चारला संपला, मग बाहेर जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड का असेना.

ट्रेन का नाही असं विचाराल. ट्रेन छान आहेत पण जवळपास सगळ्या डब्लिनकडे तोंड करून आहेत. डिंगलला ट्रेन नाही, क्लिफ्सला नाही, अख्ख्या डोनेगॉल काउंटीत रेल्वेच नाही, इतकंच काय डब्लिन एअरपोर्टलाही ट्रेन नाही. म्हणून बस.

आता दोन प्रकारच्या बसेस डोक्यात वेगळ्या ठेवा. एक सरकारी व्यवस्थेतल्या, म्हणजे ट्रान्सपोर्ट फॉर आयर्लंड, सगळे टीएफआय म्हणतात, त्यात डब्लिन बस, बस एरन या सरकारी बस कंपनीचे बरेचसे रूट आणि खेड्यापाड्यातल्या लोकल लिंक मिनीबस येतात. दुसऱ्या कमर्शियल कोच, त्यात एअरकोच, सिटीलिंक, गोबस वगैरे खासगी आणि बस एरनचीच एक्सप्रेसवे सर्व्हिस. डब्लिनहून सरळ गॉलवेला किंवा सरळ कॉर्कला जायला मुख्यतः खासगी कोचच आहेत, आणि चांगल्या आहेत, एअरपोर्टवरूनच सुटणाऱ्याही आहेत म्हणजे बॅगा घेऊन शहरात यायलाच नको. पण एका कंपनीचं तिकीट दुसरीत चालत नाही, परतीचं तिकीट काढलंत तर परत येताना त्याच कंपनीची गाडी बघायची. ही गोष्ट मला दर आठवड्याला कोणाला तरी दारात उभं राहून सांगावी लागते आणि मागे लाइन थांबलेली असते.

बसस्टँडही एक नसतात. डब्लिनचं मुख्य स्टँड बुसारस, १९५३ मध्ये उघडलेली ती बिल्डिंग मायकल स्कॉट नावाच्या आर्किटेक्टची, इथले लोक कौतुकाने दाखवतात, पण खासगी कोच तिथून सुटत नाहीत, त्यांचे स्टॉप नदीकाठच्या रस्त्यांवर आणि आजूबाजूला विखुरलेले आहेत. गॉलवेत बस एरनच्या गाड्या रेल्वे स्टेशनला आणि खासगी कोच फेअरग्रीन रोडवरच्या कोच स्टेशनला, दोन्हींत चालत चार-पाच मिनिटांचं अंतर. कॉर्कमध्ये बस एरन पार्नेल प्लेसला, खासगी गाड्या नदीच्या पलीकडे सेंट पॅट्रिक्स कीवर. तिकिटावर स्टॉपचं नाव काय छापलंय ते वाचा, नुसतं "कॉर्क" वाचून निघू नका. पाच मिनिटांचं अंतर असलं तरी बॅगा ओढत आणि आईचा गुडघा दुखत असताना ते पाच मिनिटांचं राहत नाही.

डब्लिन शहरात लीप कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून टॅप करायचं प्रवासाचं कार्ड, घ्या, प्रत्येकाला वेगळं. मोठ्या माणसाला २ युरोत नव्वद मिनिटं, त्या वेळेत बस, लुअस ट्राम, शहराच्या हद्दीतली डार्ट ट्रेन, काहीही बदला, शेवटच्या गाडीत नव्वद मिनिटांच्या आत टॅप झालं की पुरे. बसमध्ये चढताना टॅप, उतरताना नाही, लुअस आणि ट्रेनला मात्र उतरल्यावरही टॅप करायचं. आई-बाबा हमखास हे उलट करतात. रोख द्यायची तर नाणीच लागतात, नोट घेत नाहीत, सुटे परत मिळत नाहीत, वर भाडंही जास्त. बँकेचं कार्ड टॅप करून सगळीकडे काम होईल असं धरून चालू नका. एक मजेची गोष्ट, हे लीप कार्ड डिसेंबर २०११ मध्ये सुरू झालं तेव्हा इथले ट्रान्सपोर्ट मिनिस्टर होते लिओ वराडकर, जे पुढे पंतप्रधान झाले, वडील मूळचे मालवण तालुक्यातल्या वराडचे. बाबांना सांगा, ते पुढचे चार दिवस प्रत्येक टॅपला आठवण काढतील.

बाबा सीनियर सिटिझन सवलतीचं विचारणारच. इथे ६६ वर्षांवरच्यांना प्रवास फुकट आहे पण तो इथे राहणाऱ्यांना, पास असलेल्यांना. व्हिजिटरला नाही. काही खासगी कंपन्या ऑनलाइन तिकिटात ज्येष्ठांचं वेगळं भाडं दाखवतात, ते बुक करताना बघून घ्या, आणि एक्सप्रेसवेवर दोन सिंगलपेक्षा रिटर्न बऱ्याचदा स्वस्त पडतं.

आता रूट. मी असेन तर असं करीन. पहिले तीन-चार दिवस डब्लिन, जेट लॅग उतरेपर्यंत लांबचं काही नको. मग गॉलवे, तीन रात्री. तिथून एक दिवस क्लिफडेन, कनेमारामधून जाणारा तो रस्ता इतका देखणा आहे की बाबांना खिडकीची सीट द्या आणि फोन काढून घ्या. क्लिफ्स ऑफ मोहरसाठी बस एरनचा ३५० नंबर, गॉलवेहून किनवारा, बॅलीवॉन, लिस्डूनवार्ना, डूलिन करत क्लिफ्सच्या व्हिजिटर सेंटरला थांबतो, साधारण दोन तास. बहुतेक जण गॉलवेहून जातात आणि गॉलवेलाच परत येतात. पण ही बस पुढे लाहिंच, एनिस्टायमन करत एनिसला जाते. म्हणजे ज्या दिवशी गॉलवे सोडायचंय त्याच दिवशी सकाळच्या गाडीने क्लिफ्स बघा, दुपारच्या गाडीने पुढे एनिसला उतरा, रात्र तिथे काढा. एक आख्खा परतीचा प्रवास वाचतो. अडचण फक्त सामानाची, मोठ्या बॅगा घेऊन कड्यावर फिरता येत नाही, म्हणून २३ किलोच्या सूटकेस तुमच्या घरी डब्लिनला राहू देत आणि दोघांना एकेक छोटी बॅग द्या.

हे जमणार नसेल तर सरळ गॉलवेहून डे-टूरच्या कोचने क्लिफ्स करा, त्यात कमीपणा काही नाही. टूरची गाडी बरेनच्या खडकाळ भागात, एखाद्या किल्ल्याशी थांबत नेते, लाइन बस, म्हणजे ठरलेल्या रूटची नेहमीची बस, तसं थांबत नाही. पण टूरमध्ये क्लिफ्सवर किती वेळ देतात ते आधी विचारा. वारा असेल तर तासभर पुरतो, ऊन पडलं तर दोन तासही कमी.

एनिस किंवा गॉलवेहून ५१ नंबर लिमरिकला जातो आणि लिमरिकहून १४ नंबर किलार्नीला. लिमरिकमध्ये बस आणि ट्रेन एकाच ठिकाणी, कोल्बर्ट स्टेशनला, त्यामुळे बदलायला सोपं, फक्त मध्ये निदान पाऊण-एक तास ठेवा. वेळापत्रकात वीस मिनिटं दिसतात म्हणून त्या भरवशावर राहू नका, गॉलवेतून बाहेर पडतानाच ट्रॅफिकमध्ये वीस मिनिटं जातात. आणि पुढची गाडी मागच्या गाडीसाठी थांबत नाही. लोक रागावतात, पण आमच्या तासांचे नियम कडक आहेत, साडेचार तास चालवल्यावर पाऊण तास ब्रेक घ्यावाच लागतो आणि सगळं रेकॉर्ड होतं.

किलार्नी तीन रात्री. आई-बाबांच्या वयाला यापेक्षा सोयीचं गाव नाही, स्टँड गावातच, नॅशनल पार्क चालत, रॉस कॅसल चालत, मकरॉस हाउसला चालायचं नसेल तर घोडागाडी आहे, भाव आधी ठरवा. रिंग ऑफ केरी, म्हणजे तिथल्या किनाऱ्याने जाणारी प्रसिद्ध गोल फेरी, मात्र लाइन बसने करायचा हट्ट करू नका, ती टूरच्या कोचने करायची. त्या कोच सगळ्या एकाच दिशेने जातात, घड्याळाच्या उलट, किलोर्गलिनच्या बाजूने, कारण रस्ता इतका अरुंद आहे की समोरून दुसरी कोच आली तर दोन ड्रायव्हरांची नुसती नजरानजर होत राहते. डिंगलसाठी किलार्नीहून ट्रलीला आणि ट्रलीहून २७५ नंबर, तास-सव्वातास. जूनमध्ये होतं आरामात, पण पुन्हा तेच, ट्रलीला परत आणणारी शेवटची गाडी आधी बघा आणि तिला किलार्नीची गाडी जुळते का तेही बघा. डिंगलचा भाग आयरिश भाषेचा आहे, तिथे रस्त्यावरच्या पाट्या आयरिशमध्येच असतात, त्यामुळे डिंगलच्या ऐवजी अन डँगन असं काहीतरी लिहिलेलं दिसेल, घाबरू नका. डब्लिनमध्येही बसच्या कपाळावर अन लार लिहिलेलं असतं, ते गाव शोधू नका, त्याचा अर्थ शहराच्या मध्यभागी.

किलार्नीहून परत येताना कॉर्कला एक-दोन रात्री थांबा आणि तिथून थेट कोचने डब्लिन, तीन तास.

आता बेलफास्ट आणि डोनेगॉल. हा भाग नीट वाचा, कारण तुमच्यासाठी म्हणजे भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी नियम वेगळे पडतात आणि इथले आयरिश सहकारी तुम्हाला "अरे काही नाही, जा बिनधास्त" असंच सांगणार. त्यांच्यासाठी ते खरं आहे. बेलफास्ट नॉर्दर्न आयर्लंडमध्ये, म्हणजे युनायटेड किंगडममध्ये आहे. बॉर्डरवर ना गेट ना चौकी, रस्त्यावरच्या पाट्या किलोमीटरऐवजी मैलात दिसायला लागल्या की समजायचं देश बदलला. पण गेट नाही म्हणजे व्हिसा नको असं नाही. आयर्लंडचा व्हिसा वेगळा, यूकेचा वेगळा, शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून असतो तो, तर दोन्हीकडे चालत नाही. आई-बाबांच्या आयरिश व्हिसाच्या स्टिकरवर बीआयव्हीएस असा शेरा असेल तर ते त्याच व्हिसावर नॉर्दर्न आयर्लंडला जाऊ शकतात, ब्रिटिश-आयरिश व्हिसा स्कीम म्हणतात तिला, अट एवढीच की आधी ज्या देशाने व्हिसा दिलाय तिथे उतरलेलं असलं पाहिजे. सगळ्या प्रकारच्या व्हिसावर हा शेरा मिळत नाही, म्हणून स्टिकर उघडून बघा. आणि गंमत बघा, आई-बाबा जाऊ शकतील पण तुम्ही नाही, तुमच्या आयरिश रेसिडेन्स कार्डवर बेलफास्टला जाता येत नाही, तुम्हाला यूकेचा व्हिसा वेगळा लागतो. उत्तरेकडून येणाऱ्या बसेस कधीकधी थांबवून पोलीस कागद तपासतात, आणि तेव्हा "मला माहीत नव्हतं" हे उत्तर चालत नाही.

बेलफास्टचं निदान नाव तरी वेगळ्या देशात घेतलं जातं. डोनेगॉल जास्त फसवं आहे. डोनेगॉल आयर्लंडच्याच रिपब्लिकमध्ये, म्हणून लोक डब्लिनहून लेटरकेनीची ३२ नंबर बस पकडतात, आणि ती बस जाते मोनॅहनवरून ओमा आणि स्ट्रबेन करत, म्हणजे मधला मोठा टप्पा सगळा यूकेतून. डोनेगॉल टाउनला जाणारी ३० नंबरही एनिसकिलनवरून, तेही यूके. तुम्ही बसमधून खाली पाय ठेवला नाहीत तरी कायद्याने यूकेत गेलात. ज्यांच्याकडे बीआयव्हीएस किंवा यूकेचा व्हिसा नाही त्यांनी डब्लिनहून आधी स्लायगोला जावं, ट्रेनने किंवा २३ नंबर बसने, आणि स्लायगोहून ६४ नंबर पकडावा, तो बंडोरन, बॅलीशॅनन, डोनेगॉल टाउन, बॅलीबोफे करत लेटरकेनीला जातो, लेटरकेनीपर्यंत पूर्ण रस्ता रिपब्लिकमधूनच. पुढे तोच नंबर डेरीला, म्हणजे यूकेत जातो, तिथे जायचं नाही, लेटरकेनीला उतरायचं. गॉलवेहून तर हीच ६४ सरळ मिळते. वेळ जास्त लागतो, पण झोप लागते. फोनवर यूकेच्या नेटवर्कचा वेलकम मेसेज आला तर समजा चुकीच्या बसमध्ये बसलात.

माझं मत विचाराल तर दोन आठवड्यांत डोनेगॉल टाकूच नका. तिथे बसने पोचता येतं पण पोचल्यावर जे बघायचं ते सगळं कारशिवाय अवघड आहे. लोकल लिंकच्या मिनीबस आहेत, ड्रायव्हर प्रेमळ, भाडं मामुली, पण त्या गावातल्या लोकांना बाजार-दवाखाना गाठता यावा म्हणून चालतात, तुमच्या फोटोपॉइंटसाठी नाही.

आता स्टॉपवर कसं उभं राहायचं ते, कारण रोज एक तरी जोडपं यात बस घालवतं. गाडी इथेही डाव्या बाजूने चालते, दार डावीकडे, त्यामुळे रस्त्याची बाजू आपल्याला सवयीची. पण खेड्यात बऱ्याचदा स्टॉपचा खांब एकाच बाजूला असतो, समोरच्या बाजूच्या गाडीसाठी खांबच नाही, तिथे नुसतं पलीकडे जाऊन उभं राहायचं. आणि हात करायचा. स्टॉप आहे म्हणजे बस थांबेल असं नसतं. मला लांबून, ताशी ८० च्या स्पीडने येताना, वळणानंतर तुम्ही दिसता, तुम्ही जर भिंतीला टेकून फोन बघत असाल तर मला कळत नाही की तुम्हाला माझी गाडी हवीय, दुसरी हवीय की नुसते पावसासाठी थांबलायत. गाडी दिसली की पुढे यायचं, हात आडवा रस्त्याकडे धरायचा, आणि मी इंडिकेटर देईपर्यंत खाली करायचा नाही. एसटीला हात दाखवतो तसंच, फक्त इथे धावत मागे येऊन उपयोग होत नाही. आई-बाबा शिस्तीचे असतात, मागे सरकून उभे राहतात, त्यांना मुद्दाम सांगा. आणि गडद रंगाचं जॅकेट नको, पावसाळी ढगात माणूस कुंपणात मिसळून जातो.

वेळापत्रकातली मधल्या छोट्या गावांची वेळ अंदाजाची असते, दहा मिनिटं आधी जाऊन उभं राहा. टीएफआयचं लाइव्ह ॲप ठेवा पण त्यावर पूर्ण विसंबू नका, ॲपवर बस येताना दिसते, शून्य मिनिटं होते आणि गायब होते, इथले लोक त्याला घोस्ट बस म्हणतात. पुढची बस तासाभराने असेल अशा ठिकाणी जवळ एखादं कॅफे बघूनच ठेवा. छत्री बिनकामाची आहे, किनाऱ्यावर वारा ती उलटी करून देतो, टोपीवालं रेनजॅकेट घ्या. कोचमध्ये सीटबेल्ट असेल तर लावायचा, कायदा आहे. मोठ्या बॅगा खालच्या डिकीत, पण औषधं, पासपोर्ट आणि डबा वर स्वतःजवळ. पन्नासची नोट घेऊन खेड्यातल्या बसमध्ये चढू नका. उतरताना ड्रायव्हरला थँक्स म्हणतात सगळे, शाळकरी पोरंसुद्धा, म्हणून बघा, फरक पडतो.

वार सांभाळा. शुक्रवारी संध्याकाळी डब्लिन-गॉलवे-कॉर्कमधून आणि रविवारी संध्याकाळी उलट दिशेने गाड्या भरून जातात, नोकरदार आणि कॉलेजची मुलं घरी जातात येतात म्हणून, तेव्हा सीट आधी बुक करा. रविवारी फेऱ्या कमी, आणि जूनच्या पहिल्या सोमवारी बँक हॉलिडे असतो, त्या दिवशी बरेच रूट रविवारच्या टायमिंगने चालतात. तुमच्या तारखा त्यातच येतायत. (नाताळात येणाऱ्या कोणी हे वाचत असेल तर, २५ डिसेंबरला इथे बस, ट्रेन, ट्राम काहीही चालत नाही, डब्लिन एअरपोर्टसुद्धा बंद असतो.)

शेवटचा मुद्दा, दोघंच गेले तर. जाऊ शकतात. गॉलवे आणि किलार्नी दोन्ही ठिकाणी एकटे सोडायला मला काळजी वाटणार नाही, भाषेची अडचण असेल तर ती उच्चाराची, केरीचा ड्रायव्हर काय बोलला हे मलाही दोनदा विचारावं लागतं. कागदावर मोठ्या अक्षरात रूट नंबर, उतरायच्या स्टॉपचं नाव आणि परतीच्या दोन वेळा लिहून द्या, शेवटची आणि शेवटून दुसरी, आणि त्यांना सांगा की शेवटून दुसरीच पकडायची, शेवटची ही राखीव. चढतानाच ड्रायव्हरला तो कागद दाखवून "इथे सांगाल का" म्हणायचं आणि पुढच्या सीटवर बसायचं. त्याआधी पहिल्या रविवारी तुम्ही बरोबर जाऊन एच३ नंबरच्या सिटी बसने हाऊथला, डब्लिनजवळच्या समुद्रकाठच्या गावाला, एक चक्कर मारून या, जाताना तुम्ही दाखवा, येताना स्टॉप शोधणं, हात करणं, टॅप करणं सगळं त्यांना करू दे आणि तुम्ही मागे गप्प बसा. बाबांनी उतरताना परत टॅप केलं तरी काही बोलू नका, दुसऱ्या दिवशी आई सांगेल त्यांना.